शेठ वालचंद हिराचंद व त्यांची मोटार

गतवर्षीं पावसाळा सरल्यावर एका स्नेह्यांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारींतून गोंदियाहून आमगांवपर्यंत जाण्याचा योग आम्हांस आला. खरें सांगावयाचें तर आम्ही नाखुषीनेंच आंत बसलों. असल्या जुनाट गाडींत सुख तें काय असणार, अशी आमची समजूत होती. परंतु गांव मागें पडतांच ती पार मावळली. सुकाणूच्या चाकाशेजारचा गिअरचा दांडा स्नेह्यांनीं दोन बोटांनीं हलवावा, आणि त्या लहानशा यंत्रानें हुंकार देऊन लगोलग वेग घ्यावा. वळण आलें कीं गाडीनें चालकाच्या मनांतलें जणूं आधींच ओळखावें. आजच्या मोटारी हिच्याहून पुष्कळ वेगवान् आहेत. पण चाकाखालचा रस्ता हातांना कळावा, हें सुख त्यांत क्वचितच सांपडतें. ही गाडी मूळची इटलीची. ती आपल्या देशांत घडूं लागली, त्याच्या मुळाशीं मात्र सोलापूरच्या एका गृहस्थांचा हट्ट आहे. त्यांचेंच चरित्र येथें सांगण्याचें योजिलें आहे.

वालचंद यांचा जन्म ता. २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरास एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबांत झाला. घरची पेढी होती, कापसाचा व्यापार होता. पण त्यांत त्यांचें मन रमेना. पूर्वीं रेल्वेंत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशीं भागीदारी करून त्यांनीं रेल्वेचीं कंत्राटें घेण्यास आरंभ केला, आणि पुढें बोरघाटांतील बोगद्यांसारखीं अवघड कामें पार पाडिलीं. १९१९ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून ‘लॉयल्टी’ नांवाची आगबोट विकत घेऊन सिंदिया कंपनी काढली. ता. ५ एप्रिल रोजीं ती बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. समुद्रावर सर्वत्र इंग्रज कंपन्यांचा अंमल असतां हें धाडस लहान नव्हतें. त्या कंपन्यांनीं दर उतरवून सिंदियाला बुडविण्याचा यत्न पुढें अनेक वर्षें केला.

मोटारीचा कारखाना येथेंच निघावा, हा विचार सर विश्वेश्वरय्या यांनींही मांडिला होता. वालचंदांनीं तो उचलून धरला व १९३९ सालीं ते अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशीं बोलणें फिसकटलें. क्रायस्लर कंपनी मात्र राजी झाली. म्हैसूर संस्थान साह्य करावयास तयार होतें, परंतु हिंदुस्थान सरकारनें मोडता घातला. युद्धकाळांत असा कारखाना निकडीचा नाहीं, असें कारण पुढें करण्यांत आलें. ज्या युद्धाला हजारों मोटारी लागत होत्या, त्याच युद्धाची सबब सांगून मोटारीचा कारखाना अडवावा, यांतील विसंगति विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानीं येईल.

वालचंद स्वस्थ बसले नाहींत. त्याच प्रवासांत विमानामध्यें विल्यम पॉले या अमेरिकन गृहस्थांशीं त्यांची गांठ पडली, आणि त्या ओळखींतून १९४० च्या डिसेंबरांत बंगळूर येथें विमानांचा कारखाना उभा राहिला. १९४१ सालीं विशाखापट्टणास जहाजांचा कारखाना सुरू झाला. इतकीं प्रचंड कामें एकदम अंगावर घेणें आमच्या मतें शहाणपणाचें नव्हतें. पण शहाणपणाचा सल्ला ऐकण्याची त्यांची प्रकृतीच नव्हती. विमानांचा कारखाना १९४२ मध्यें सरकारनें आपल्या ताब्यांत घेतला. मोटारीचा ध्यास तेवढा सुटला नाहीं. १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि १९४७ सालीं मुंबईजवळ कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या क्रायस्लरच्या साह्यानें झालेल्या, अमेरिकन बांध्याच्या होत्या. आपल्या अरुंद रस्त्यांना व बेताच्या मिळकतीला लहान गाडीच हवी होती. ती पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें मिळाली.

या गाडीचें कुळ थोर आहे. १९३७ सालीं निघालेल्या ११०० जातीच्या फियाटी ‘मिल्ले मिलिया’ नामक हजार मैलांच्या शर्यतींत धावत असत. त्याच ११०० चें नवें रूप, दान्ते जिआकोसा या यंत्रविशारदांच्या देखरेखीखालीं तयार होऊन, १९५३ च्या मार्चांत जिनीव्हाच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. यंत्र अवघें १०८९ घन सेंटिमीटरांचें. परंतु वेगळा जड सांगाडा टाकून सारें अंगच एकसंध घडविल्यामुळें गाडी हलकी व चपळ झाली होती. चारजणांचें कुटुंब नेणारी मोटारही चालविण्यास आनंददायक असूं शकते, हें त्या कारागिरांनीं जाणलें होतें.

वालचंद त्या वेळीं पक्षाघातानें जर्जर झाले होते. ता. ८ एप्रिल १९५३ रोजीं गुजरातेंत सिद्धपूर येथें त्यांचा अंत झाला. ती ११०० कुर्ल्यास तयार होऊं लागली ती पुढल्या वर्षीं. तिच्या फुगीर तोंडामुळें लोकांनीं तिला ‘डुक्कर फियाट’ असें नांव ठेविलें, आणि त्याच नांवानें तिच्यावर प्रेमही केलें. १९६४ मध्यें तिची पुढली आवृत्ति आली. तिलाच १९७४ पासून पद्मिनी म्हणूं लागले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बहुतेक ह्याच असत. त्यांतील अखेरच्या २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेल्या.

आमगांवीं काम आटोपल्यावर परत निघतांना चालकाची जागा आम्हीं स्नेह्यांकडून मागून घेतली.