तेजीचा राजा आणि सबुरीचा धडा

रेल्वेने गोव्याहून गुजरातकडे जाताना सुरतेच्या अलीकडे भेस्तान लागते. खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे या औद्योगिक पट्ट्यात राबून पै-पै साठवतात. याच सुरतेत १८३१ मध्ये जन्मलेल्या प्रेमचंद रायचंद यांचे चरित्र अशा प्रत्येकाने जाणून घ्यावे.

मुंबईच्या बाजारात दलाल म्हणून नावारूपाला आलेले प्रेमचंद सौद्यांचे आकडे डोक्यातच ठेवीत, असे सांगतात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडला तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा शेअरबाजारात ओतला गेला. प्रेमचंदांची झटपट पारख अनुभवातून घडली होती; त्यांचे पाहून शेअर घेणाऱ्यांकडे केवळ घाई होती. कंपनी कमावते काय, हा शांतपणे विचारायचा प्रश्न मागे पडला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला. २,८५० रुपयांवर चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला. असंख्य घरे बुडाली; खुद्द प्रेमचंदही सुटले नाहीत.

मात्र १८६४ मध्येच त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय व मनोऱ्यासाठी चार लाख रुपये दिले होते. आई राजाबाईंच्या नावाचा तो मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. १९०६ मध्ये प्रेमचंद निवर्तले.

आज शेअरखरेदी मोबाइलवर क्षणात होते. म्हणूनच कष्टाचा पैसा गुंतवण्यापूर्वी मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. सकाळीही निर्णय योग्य वाटला, तरच पुढे जावे.