प्रो. अर्न्स्ट आबे

आमच्या प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावणाऱ्या विद्यार्थ्यांस वाटतें कीं, भिंगें अधिक चांगलीं मिळालीं तर वाटेल तितका बारीक पदार्थ दिसेल. तसें होत नाहीं. हें ज्यांनीं सिद्ध केलें त्या जर्मन शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

आबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजीं आयझेनाख येथें झाला. वडील सूतगिरणींत दिवसाचे चौदा ते सोळा तास उभ्यानें काम करीत. दुपारीं लहानगा अर्न्स्ट जेवणाचें भांडें घेऊन जाई; वडील यंत्राला टेकून घाईघाईनें चार घास गिळीत व रिकामें भांडें मुलाच्या हातीं देत. हें दृश्य आबे जन्मभर विसरले नाहींत. मुलाच्या शिक्षणास गिरणीच्या मालकानें साहाय्य केलें, हेंही सांगितलें पाहिजे.

१८६६ सालीं येना येथील कारखानदार कार्ल त्साइस यांनीं त्यांस मदतीस बोलाविलें. तेव्हां भिंगें अनुभवानें व अंदाजानें घाशीत. आबे यांनीं गणित करून अरुंद तोंडाचीं भिंगें बनविलीं, तों प्रतिमा पूर्वीहून वाईट! दुसरा कोणी गणितच सोडून देता. आबे यांनीं कारण शोधलें. बारीक वस्तूवरून जातांना प्रकाश पसरतो, आणि तो पसरलेला प्रकाश भिंगांत जितका अधिक शिरेल तितकी प्रतिमा स्पष्ट उमटते. तरंगलांबीच्या सुमारें निम्म्याहून जवळ असलेले दोन ठिपके भिंग वेगळे दाखवूं शकत नाहीं, हा सिद्धांत त्यांनीं १८७३ सालीं मांडला. हिरव्या प्रकाशांत हें अंतर मिलिमीटरच्या सुमारें चार हजाराव्या भागाएवढें येतें.

पुढें शास्त्रज्ञांनीं या कुंपणांतून वाटा काढल्या. प्रकाश पडतांच गुणधर्म बदलणाऱ्या व अंतर्रचना अव्यवस्थित असलेल्या स्फटिकांत तरंगलांबीहून अरुंद झोत न पसरतां नेण्यांत इटली व इस्राएल येथील संशोधकांस यश आलें. तें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. साध्या भिंगापुरती आबे यांची मर्यादा मात्र अबाधित आहे.

१८७६ पासून आबे कारखान्याचे भागीदार होते. त्साइस १८८८ सालीं वारल्यावर त्यांनीं १८८९ सालीं संस्था स्थापिली, तिला स्वतःचें नव्हे तर त्साइस यांचें नांव दिलें, आणि पुढें आपला हिस्सा तिच्या स्वाधीन केला. कामगार नेमतांना धर्म, कुळ वा पक्ष पाहूं नये असा नियम घातला. १९०० सालीं नऊ तासांचा दिवस आठ तासांचा केला. आबे यांनीं, संवयीप्रमाणें, त्याचीही मोजदाद ठेविली. काम कमी झालें नव्हतें. १४ जानेवारी १९०५ रोजीं येना येथें ते निवर्तले.