नोकरी गेली, किहीमला आले आणि सुगरणीने नाव मिळवून दिलं, पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची गोष्ट

अलिबाग : भात कापणीचे दिवस आले की खारेपाटातल्या शेतांवर सुगरणींचे थवेच्या थवे उतरतात. पाऊस सरलेला, हवेत सकाळचा गारवा, खाजणात नुकतेच आलेले पाहुणे पक्षी. ओहोटीला पुळणीवर चिखल्या आणि तुतवार पळापळ करताना दिसतात. बांधावर शेपटी हलवत धोबी फिरतो. समुद्रावर कुरव घिरट्या घालतात. आपल्याला हे रोजचंच वाटतं. पण याच किनाऱ्यावर, अलिबाग तालुक्यातल्या किहीम गावात, ९० वर्षांहून अधिक काळापूर्वी एका बेकार माणसाने झाडाला लटकलेल्या खोप्यांकडे नीट बघितलं आणि पक्षीशास्त्रात स्वतःची जागा मिळवली. त्यांचं नाव डॉ. सलीम अली. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, त्याचा शेवटचा दिवस त्यांच्याच जयंतीचा आहे.

आईवडिलांविना वाढलेलं पोर

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांत हे सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या मुलांना सांभाळलं. स्वातंत्र्यलढ्यातले अब्बास तय्यबजी हेही त्यांचे मामाच.

अमिरुद्दीन मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्याची छोटी बंदूक दिली. त्या काळी शिकार करणं ही मोठ्या घरातली साधी हौस होती आणि सलीमलाही मोठं होऊन नामी शिकारीच व्हायचं होतं. दहा वर्षांच्या आसपासचं वय असेल, त्याने एक चिमणी टिपली. उचलून बघतो तर गळ्यावर पिवळा डाग! ही रोजची चिमणी नव्हे. खावी की खाऊ नये, हा प्रश्न पडला. पोरगा चिमणी घेऊन मामाकडे गेला. मामालाही ओळखता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी दिली.

गोऱ्या साहेबासमोर जायचं म्हणून पोराच्या पोटात गोळा आला होता. पण मिलार्ड यांनी त्याला प्रेमाने जवळ घेतलं. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी, असं सांगून त्यांनी कपाटातले खण उघडले. आत भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी होते. मिलार्ड यांनी वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्याचं कातडं काढून जतन कसं करायचं ते शिकवायची सोय केली. एका मेलेल्या चिमणीने त्या पोराचा रस्ता ठरवला. पुढे वयाच्या ८९ व्या वर्षी, १९८५ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, त्याच्या नावातही त्यांनी ती चिमणीच ठेवली.

ना डिग्री, ना नोकरी

शाळेत मात्र गाडी रखडतच चालली. डोकेदुखीचा त्रास होता, मध्ये शाळा सुटली, १९१३ मध्ये कशीबशी मॅट्रिक झाली. पुढे ब्रह्मदेशात भावाकडे गेले. तिथे घरचा टंगस्टनच्या खनिजाचा आणि लाकडाचा धंदा होता. पण सलीम यांचं लक्ष हिशेबापेक्षा रानातल्या पाखरांकडे जास्त. मुंबईला येऊन व्यापाराचे धडे घेतले, सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्रही शिकले. विद्यापीठाची डिग्री मात्र शेवटपर्यंत मिळवली नाही.

१९१८ च्या डिसेंबरात तहमिना यांच्याशी लग्न झालं. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा धंदा, आणि तो धंदाही बुडाला. परत आल्यावर डिग्री नाही म्हणून पक्षीतज्ज्ञाच्या सरकारी नोकरीचं दारही उघडलं नाही. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्ग विभाग नव्याने सुरू झाला, तिथे लोकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा मिळाली. पगार महिना ३५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

दोन वर्षांनी अभ्यासाची रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. मेलेले पक्षी मोजण्यापेक्षा जिवंत पक्षी काय करतो, कसा जगतो, हे बघायची दृष्टी तिथे पक्की झाली. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास शोधण्याचं कामही बघितलं. मोठी उमेद घेऊन १९३० मध्ये ते मुंबईला परतले. आणि कळलं काय, तर पैसा नाही म्हणून म्युझियमने ती जागाच बंद केली होती.

वय ३३, पदरी संसार, हातात ना डिग्री ना पगार. मुंबईत राहणं परवडेना.

किहीमचा पावसाळा

सलीम अली आणि तहमिना खाडीपलीकडे किहीमला राहायला आले. आज किहीम म्हटलं की शनिवार-रविवारची गर्दी आणि गाड्यांची रांग आठवते. तेव्हा नारळी-पोफळी, भातशेती, सुरूची झाडं आणि समोर समुद्र, एवढंच. पावसाळ्याचे दिवस होते. जवळच सुगरणींनी खोपे बांधायला घेतले होते. दुसरं काम नव्हतं. सलीम अली रोज वही घेऊन खोप्यांपुढे बसू लागले. कोणता पक्षी कधी आला, काय घेऊन आला, कोणत्या खोप्यात गेला, सगळं लिहून ठेवायचे.

आपल्या भाषेत या पाखराला सुगरण म्हणतात. सुगरण म्हणजे कामात हुशार बाई. बहिणाबाईंच्या कवितेमुळे तर तिचा खोपा घराघरांत पोचला. पण किहीमच्या झाडांवर सलीम अलींना दिसलं ते वेगळंच. खोपा विणतो तो नर! पिवळ्याधमक डोक्याचा नर भाताच्या पातीच्या, गवताच्या, झावळीच्या लांब चिरफळ्या काढून आणतो, शेकडो फेऱ्या मारतो आणि खोपा अर्ध्यावर आणून ठेवतो. हा अर्धा खोपा उलट्या टोपीसारखा दिसतो. आत तो ओल्या मातीचे गोळेही लिंपतो. या गोळ्यांवर सुगरण काजवे चिकटवते आणि घरात दिवा लावते, असं गावोगाव सांगितलं जातं. ती नुसती गोष्टच आहे.

अर्धे खोपे तयार झाले की माद्या येतात, घर बघायला येतात तशा. नर पंख फडफडवून, ओरडून बोलावतात. मादी आत शिरते, ओढून-चाचपून बघते. पसंत पडलं तर राहते, नाहीतर दुसऱ्याच्या दारी जाते. मादीने होकार दिला की मगच नर खालची लांब नळी विणून खोपा पुरा करतो. मादी अंडी घालते, उबवतेही तीच. आणि नर? तो जवळच दुसरा खोपा सुरू करतो. तोही कोणाला पसंत पडला की तिसरा. एका हंगामात एका नराचे असे दोन-तीन संसार एकामागोमाग उभे राहतात.

हे सगळं हजारो वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. खोपे काय, प्रत्येक गावात असतात. पण कोणता नर, कोणती मादी, कोणाचा खोपा कितवा, हे दिवसामागून दिवस बसून कोणी नोंदवलं नव्हतं. त्यांचा हा अभ्यास १९३१ मध्ये नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि डिग्री नसलेल्या या माणसाची दखल जाणकारांना घ्यावी लागली. नोकरी राहिली असती तर हा पावसाळा म्युझियमच्या इमारतीतच गेला असता.

बिनपगारी पाहणी

त्यानंतर त्यांनी संस्थानांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवला. तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, पगार नको, फक्त तळाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. हैदराबाद संस्थानाने होकार दिला, मग त्रावणकोर-कोचीन आणि इतर ठिकाणची कामं आली. बैलगाडी, तंबू, रानातला मुक्काम. इंग्लंडात शिकलेल्या तहमिना या सगळ्यात सोबत होत्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अली कोलमडले. पुढे बहीण कमू आणि मेहुण्यांच्या घरी राहिले. दुसरं लग्न केलं नाही.

दोन वर्षांनी, १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक आलं. ते बघून सामान्य माणसाला दारातला पक्षी ओळखता येऊ लागला. पंडित नेहरूंनी तुरुंगात असताना ते आपल्या मुलीला, इंदिरा गांधींना पाठवलं होतं. पुढे अमेरिकेचे एस. डिलन रिप्ली यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९७४ मध्ये पुरा झाला. मोटारसायकलचं वेडही होतं. १९५० मध्ये स्वीडनच्या परिषदेसाठी स्वतःची सनबीम बोटीने युरोपला नेली आणि तिच्यावरून फिरले.

१९५९ पासून त्यांच्या पुढाकाराने सोसायटीने हजारो स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात नंबरची कडी घातली. पावसाळा संपताना आपल्या किनाऱ्यावर उतरणारे पाहुणे कुठून येतात, कोणत्या वाटेने येतात, याचा माग त्यातून लागू लागला. आजही कडीवाला मेलेला किंवा जखमी पक्षी सापडला तर कडीवरचा नंबर आणि पत्ता सोसायटीला किंवा वन खात्याला कळवायचा असतो.

भरतपूरचा धडा

सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवण्याच्या कामात त्यांचं वजन उपयोगी पडलं. राजस्थानातलं भरतपूरचं पाणथळ वाचलं, त्यातही त्यांचा मोठा वाटा. पण भरतपूरची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे म्हशींची चराई बंद व्हावी, असं त्यांचं मत होतं. १९८२ मध्ये चराई बंद झाली, गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात काहींचा जीव गेला. पुढे सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून दिसलं की म्हशी गेल्यावर पाण्यात गवत माजलं आणि पक्ष्यांना उलट त्रास झाला. हा निष्कर्ष पुढे आला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. आयुष्यभर डोळ्यांनी बघून मगच बोलणाऱ्या माणसाचा अंदाज इथे चुकला. रानाबरोबर जगणाऱ्या माणसांना आणि गुरांनाही हिशेबात धरावं लागतं, हा धडा त्यातून देशाला मिळाला.

ज्यांना डिग्री नव्हती त्यांना अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी मानाची डॉक्टरेट दिली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. आंतरराष्ट्रीय पारितोषिकाचे मोठे पैसे मिळाले ते निसर्ग रक्षणाच्या निधीत घातले. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या चोडण बेटावरचं पक्षी अभयारण्य त्यांच्या नावाने आहे.

खोपा झाडावरच राहू द्या

आज शेतं विकली जातायत, विहिरीवर झुकलेली झाडं तुटतायत. रस्त्याच्या कडेला खोपे शोभेसाठी विकायला ठेवलेले दिसतात. सुगरण दाणे खाते हे खरं, पण पिल्लांना ती किडे-अळ्या भरवते, म्हणजे ऐन पावसाळ्यात भाताची राखणही करते. रिकामा खोपाही वाया जात नाही, मुनियासारखे छोटे पक्षी त्यात घर करतात. आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं गुन्हा आहे.

सलीम अलींना किहीममध्ये लागलं ते फार थोडं होतं. एक वही, भरपूर वेळ आणि खोपे असलेलं झाड. वही आणि वेळ आजही कोणालाही काढता येईल. झाड मात्र जागेवर राहायला हवं.