चेहरे घडवणारा माणूस : सर हॅरॉल्ड गिलीज

आपण इंजिनिअर लोक. एखादा पार्ट तुटला की नवा बनवायचा आणि फिट करायचा, एवढं आपल्याला कळतं. पण तुटलेला पार्ट माणसाचं नाक असेल तर? किंवा जबडा? गेल्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी टिश्यू इंजिनिअरिंग हा विषय घेतला होता. पेपर वाचत वाचत मागे जात गेलो आणि शेवटी पोचलो शंभर वर्षांपूर्वीच्या एका सर्जनपाशी. सर हॅरॉल्ड गिलीज. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. आमच्या विंगमध्ये विचारलं तर कुणालाच हे नाव माहीत नव्हतं, म्हणून हा लेख.

गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. चार वर्षांचे असतानाच त्यांचे वडील वारले. लहानपणी कोपराला झालेल्या दुखापतीमुळे एक हात कायमचा थोडा आखडलेला राहिला. पण पठ्ठ्याने केंब्रिजला शिकताना १९०४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज बोट रेसमध्ये वल्हे मारले! गोल्फही ते उत्तम खेळत. पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये शिक्षण घेऊन ते कान-नाक-घशाचे सर्जन झाले. आयुष्य तसं सुखात चाललं असतं. पण १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले.

हे युद्ध खंदकातले. सैनिकाचे अंग मातीआड, डोके मात्र वर. त्यामुळे गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे थेट चेहऱ्यावर बसत. माणूस वाचायचा, पण नाक नाही, जबडा नाही, ओठ नाहीत. १९१५ साली गिलीज फ्रान्सला गेले. तेथे व्हॅलाडिए नावाचे दंतवैद्य तुटलेले जबडे जोडत होते, ते त्यांनी पाहिले. पॅरिसमध्ये मोरेस्तँ या सर्जनची शस्त्रक्रिया पाहिली आणि आपण आयुष्यभर करायचे ते हेच, असे त्यांनी ठरवून टाकले.

परत येऊन त्यांनी लष्कराच्या मागे लागून १९१६ च्या सुरुवातीला ऑल्डरशॉट येथे स्वतंत्र वॉर्ड मिळवला. आता पेशंट आपल्यापर्यंत पोचणार कसे? गिलीज यांनी स्वखर्चाने दहा पौंडांची लेबले विकत घेतली, त्यावर आपलाच पत्ता लिहिला आणि ती आघाडीवर पाठवून दिली. चेहऱ्याला जखम झालेल्याच्या अंगावर बांधा आणि इकडे पाठवा, अशी ही साधी कुरिअरसारखी सिस्टिम. १ जुलै १९१६ ला सोमची लढाई सुरू झाली, तेव्हा त्यांनी दोनशेच्या आसपास जखमींची तयारी ठेवली होती. आले सुमारे दोन हजार! जागा पुरेना, म्हणून १९१७ साली सिडकप येथे क्वीन्स हॉस्पिटल सुरू झाले. तेथे पाच हजारांहून अधिक माणसांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

त्या वॉर्डात आरसे लावू दिले जात नसत. गावात जाणाऱ्या रस्त्यावर काही बाकडी निळ्या रंगाने रंगवली होती. तेथे बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून दचकायचं नाही, ही गावकऱ्यांना सूचना. विशी-पंचविशीतली पोरं होती ती, म्हणजे आपल्याच वयाची. हे वाचल्यावर मी थोडा वेळ पेपर बाजूला ठेवला होता.

आता जरा टेक्निकल बोलू. शरीरावरून त्वचेचा तुकडा पूर्ण सुटा काढून दुसरीकडे लावला तर त्याला ग्राफ्ट म्हणतात. तो पातळ असेल तर खालच्या जखमेतून पोषण मिळून जगतो. जाड असेल तर आतल्या पेशी उपाशी मरतात. म्हणून मोठ्या कामाला फ्लॅप वापरतात. म्हणजे एक टोक जागेवर जोडलेले ठेवायचे, त्यातून रक्त चालू राहते, आणि दुसरे टोक वळवून जखमेवर शिवायचे. कपाळाचा फ्लॅप खाली वळवून नाक करण्याची युक्ती तर आपलीच! टिपू सुलतानाच्या सैन्याने इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचे नाक कापले होते. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने त्याला असे नवे नाक दिले. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ती हकीकत छापून आली आणि ती वाचून कार्प्यू या सर्जनने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया तिकडे केली.

गिलीज यांनी त्यात भर घातली. स्प्रेक्ली नावाच्या लेफ्टनंटचे नाक पार गेले होते. गिलीज यांनी त्याच्या बरगडीजवळची कूर्चा काढून आधी कपाळाच्या त्वचेखाली पुरली. ती तेथे रुजल्यावर त्वचेसकट सगळे खाली वळवले. सुरुवातीला हे नाक एवढे अवाढव्य दिसले की सगळेच घाबरले. पण सूज उतरली आणि चांगले नाक तयार झाले. बघा, म्हणजे असेंब्ली आधी शरीरातच जुळवली आणि नंतर जागेवर बसवली.

ऑक्टोबर १९१७ मध्ये व्हिकरेज या भाजलेल्या नाविकावर शस्त्रक्रिया करताना फ्लॅपच्या कडा आत वळताहेत हे गिलीज यांच्या लक्षात आले. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या. झाली नळी तयार! आत रक्तवाहिन्या सुरक्षित, बाहेर त्वचा, जंतुसंसर्गाचा धोका कमी. अँटिबायोटिक नसलेल्या काळात ही केवढी मोठी गोष्ट. ओडेसाच्या फिलाटोव्ह यांनी आदल्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच केले होते, पण गिलीज यांना ते माहीत नव्हते.

सगळंच यशस्वी झालं असं मात्र नाही. लमली हा तरुण वैमानिक भीषण भाजला होता. फेब्रुवारी १९१८ मध्ये गिलीज यांनी त्याच्या छातीवरच्या त्वचेचा भलामोठा फ्लॅप एकाच वेळी चेहऱ्यावर बसवला. रक्त पुरले नाही, त्वचा सडली आणि ११ मार्च १९१८ रोजी लमली गेला. वय फक्त २६. एका दमात फार मोठी झेप घेतली, हे गिलीज यांनी स्वतः मान्य केले. त्यानंतर त्यांचा नियम पक्का झाला. जे उद्यावर ढकलता येते ते आज उरकायचे नाही. टप्प्याटप्प्याने जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर रक्त पोचते का ते पाहायचे.

१९२० साली चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवर त्यांचे पुस्तक आले. त्यातले अपयशाचे फोटोही त्यांनी लपवले नाहीत. १९३० साली त्यांना सर हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांवर उपचार करून गाजलेले मॅकिंडो हे त्यांचेच नातलग आणि शिष्य. ऑगस्ट १९६० मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, शस्त्रक्रिया करत असतानाच त्यांना मेंदूचा झटका आला आणि १० सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

आणि आजचं टिश्यू इंजिनिअरिंग? २००४ साली जर्मनीतील कील येथे डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर डिझाइन केलेली टायटॅनियमची जाळी, हाडाचे खनिज, वाढीचे प्रथिन आणि अस्थिमज्जा एकत्र करून एका माणसाच्या पाठीच्या स्नायूत सात आठवडे ठेवली आणि मग तो भाग जबड्यात बसवला. स्प्रेक्लीचे कपाळ आठवले ना? २०१४ साली स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये पाच पेशंटच्या नाकातल्या पेशींपासून प्रयोगशाळेत कूर्चा वाढवून त्यांच्या नाकपुड्या दुरुस्त केल्या. कूर्चाच आधी का जमली? कारण तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतच नाहीत. इतर बहुतेक पेशी मात्र रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा लांब गेल्या की गुदमरतात. जाड भाग वाढवायचा तर त्यात बारीक नळ्यांचं जाळं हवंच, आणि गाडं अजून तिथेच अडलं आहे.

म्हणजे लमलीच्या वेळी जो प्रश्न होता तोच आज आहे, फक्त आता तो आपल्याही टेबलावर आला आहे. मटेरियल, थ्री-डी प्रिंटिंग, फ्लो, हे सगळं आपलंच खातं. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी जरूर विचार करावा. सॉफ्टवेअरच्या पॅकेजएवढा पैसा कदाचित नसेल, पण काम मात्र खरोखर शिल्लक आहे.