आंधळ्यांसाठी झोळी हाती घेणाऱ्या हेलन केलरबाई

हेलन केलर हे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवर आले असेलच. परंतु बाईंची गोष्ट सांगणारे बहुधा पंपाच्या पाण्यापाशी आरंभ करितात आणि तेथेच थांबतात. त्यानंतर बाई ऐंशी वर्षांहून अधिक जगल्या, व त्यांपैकी जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी आंधळ्यांना विद्या व उद्योग मिळावा म्हणून दारोदार द्रव्य मागण्यात घालविली. आज त्या कामाविषयी दोन शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

बाईंचा जन्म अमेरिकेतील आलाबामा संस्थानात टस्कंबिया गावी २७ जून १८८० रोजी झाला. एकोणीस महिन्यांच्या असता त्यांस कडक ताप आला, आणि त्यात डोळे व कान दोन्ही गेले. पुढे ३ मार्च १८८७ रोजी अ‍ॅन सलिव्हन नावाची वीस वर्षांची शिक्षिका त्या घरी आली. ही बाई निराश्रितांच्या सरकारी आश्रमात वाढलेली, स्वतः अधू दृष्टीची, आणि बोस्टन येथील आंधळ्यांच्या शाळेत शिकलेली. महिनाभराने, ५ एप्रिल रोजी, तिने मुलीचा एक हात पंपाखाली धरिला व दुसऱ्या तळहातावर पाणी या अर्थाच्या शब्दाची अक्षरे बोटांनी काढिली. प्रत्येक वस्तूला नाव असते हे त्या क्षणी मुलीस उमगले. वळसंगच्या आमच्या बंधुभगिनींस ओंजळभर पाण्याची थोरवी आम्ही काय सांगावी? १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या विहिरीवर आले ती त्यांच्याच गावात आहे. पाण्याबरोबर माणूसपण कसे हाती येते, हे ते आम्हांपेक्षा अधिक जाणतात.

१९०४ साली बाई रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाल्या. गुरु व शिष्या आयुष्याचा बहुतेक काळ एकत्रच राहिल्या. व्याख्यान देताना हेलनबाईंचा आवाज परक्या माणसास नीट कळत नसे. म्हणून शेजारी उभी असलेली शिक्षिका तेच शब्द पुन्हा उच्चारी.

कीर्तीने चूल पेटत नाही. अँड्र्यू कार्नेगी नावाच्या धनिकाने बाईंस वार्षिक वेतन देऊ केले, तेव्हा त्यांनी ते नाकारिले. श्रमणाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्या, १९०९ साली समाजवादी पक्षात गेलेल्या स्त्रीस कारखानदाराचे अन्न गोड कसे लागावे? परंतु १९१३ साली व्याख्यानांच्या दौऱ्यात शिक्षिका आजारी पडली, परगावी दोघीच अडकल्या, आणि बाईंनी मान खाली घालून ते वेतन स्वीकारिले. दुसऱ्यापुढे हात पसरण्याचे दुःख त्यांस असे प्रथम कळले. पुढे १९२० पासून सुमारे चार वर्षे त्या नाटकगृहांतून, डोंबारी, गवई व विदूषक यांच्या खेळांच्या मध्ये, आपली वीस मिनिटांची हकीकत सांगत. पुष्कळ स्नेह्यांस हे हलके वाटले. आम्हांस तसे वाटत नाही. ती कष्टाची भाकर होती.

आंधळ्या प्रौढ माणसाचे खरे दुःख बाईंनी लवकर ओळखिले होते. शाळेत त्याला वेताच्या खुर्च्या विणणे किंवा झाडू बांधणे शिकवावे. परंतु बाहेर पडल्यावर त्याला काम कोणी देऊ नये, त्याचा माल कोणी घेऊ नये, मग त्या विद्येचा उपयोग काय? १९०६ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानाने आंधळ्यांसाठी मंडळ नेमिले, त्यावर बाईंची नेमणूक झाली. सभेतील वाद बोटांनी समजून घेईपर्यंत विषय पुढे जाई, म्हणून त्यांस ते पद लवकरच सोडावे लागले.

१९२१ साली अमेरिकेतील आंधळ्यांची मध्यवर्ती संस्था निघाली. तिचे अध्यक्ष मायगेल हे रेशमाच्या धंद्यात पैसा मिळवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी १९२४ साली बाईंस पाचारण केले, व वीस लक्ष डॉलरांचा कायम निधी उभारावयाचे ठरले. तीन वर्षांत बाईंनी १२३ शहरी २४९ सभा करून अडीच लक्षांवर लोकांस विनंती केली. शिक्षिकेने शिक्षणाची हकीकत सांगावी, मग बाईंनी बोलावे, श्रोत्यांनी प्रश्न विचारावे, आणि शेवटी वर्गणी गोळा व्हावी, असा क्रम असे. धनिकांस त्या स्वतः पत्रे लिहीत. ज्यांच्या धनसंचयावर त्यांनी टीका केली होती त्या वर्गापुढेच आता हात पसरणे आले. हे त्यांस सुखाचे नव्हते. तरीही १९२७ साली, जेव्हा त्या ग्रंथलेखनासाठी थांबल्या, तेव्हा ठरविलेला आकडा पुष्कळ दूरच होता. आमच्या ज्या उपदेशक बंधूंस मंडळीची वर्गणी गोळा करण्याचा अनुभव आहे, त्यांस याचे नवल वाटणार नाही.

पैशांहून अधिक टिकाऊ गोष्ट कायद्याने झाली. १९३६ साली सरकारी इमारतींत आंधळ्यांनी छोटी दुकाने चालवावी अशी सोय झाली. १९३८ साली मायगेल यांच्या खटपटीस यश येऊन, आंधळ्यांनी केलेले झाडू व फडकी सरकारी खात्यांनी विकत घ्यावी, असा कायदा झाला. भिक्षा देणारा एक दिवस देतो. गिऱ्हाईक पुन्हा येते.

शिक्षिका १९३६ साली वारली. त्यानंतर पॉली थॉमसन ही सोबतीण बाईंचे कान व डोळे झाली. १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, बाई तिच्यासह हिंदुस्थानात आल्या व मुंबईसही गेल्या. तेथे भूमी अगदीच नापीक नव्हती. १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी त्या शहरात आंधळ्या मुलांची शाळा काढिली होती. तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. १९५२ साली मुंबईतच आंधळ्यांसाठी राष्ट्रीय संघ स्थापन झाला होता.

१९६१ साली पक्षाघाताने बाईंचे सार्वजनिक काम थांबले. १ जून १९६८ रोजी त्या वारल्या. त्यांच्या अस्थी वॉशिंग्टन येथील मोठ्या मंदिरात अ‍ॅन सलिव्हन व पॉली थॉमसन यांच्याशेजारी ठेविल्या आहेत. तेथील पाटीवर हेलन केलर व अ‍ॅन सलिव्हन यांची नावे आंधळ्यांच्या उठावाच्या लिपीतही आहेत.