पिकाचा अंदाज गणितात बसवणारे डॉ. सुखात्मे
बोथ : यंदा एकरी किती कापूस झाला, हे सरकारला कळते कसे? पूर्वी नजरेनेच पीक किती आणे ते ठरायचे. अंदाज चुकला की शेतकऱ्याची सारामाफी हुकायची.

हा अंदाज गणितात बसवणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव मोठे. जन्म १९११, गाव बुध, जिल्हा सातारा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकून ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये संख्याशास्त्रात पीएचडी झाले. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणीची पद्धत बसवली. गावे आणि शेते चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, शेतातला ठरावीक तुकडा मोजून तेवढेच पीक कापायचे, वजन करायचे. त्यावरून जिल्ह्याचा हिशेब निघतो आणि तो कितीने चुकू शकतो तेही कळते. तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, हे त्यांनी शेतातच दाखवून दिले.

नंतर ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत होते. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले.

पीकविम्याच्या भरपाईला आजही पीक कापणी प्रयोगाचा आधार असतो. फुगलेला आकडा म्हणजे बुडालेली भरपाई. म्हणून गावात प्रयोग असेल तेव्हा शेतकऱ्याने बांधावर हजर राहावे, फीत नीट लागते का ते बघावे.