डफ खुंटीला लागल्यावर

अण्णाभाऊ साठे यांना आपण 'फकिरा'कार म्हणून हार घालतो. पण अण्णाभाऊ आधी शाहीर होते, हजारोंच्या पुढे उभे राहणारे कलावंत होते. कलावंताच्या हातचे काम गेले की त्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात ढळढळीत दिसतो आणि नेमका तोच आपण टाळतो.

वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेला हा मुलगा बापाबरोबर पायी मुंबईला आला. कोळसे वेचले, फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, गिरणीत राबला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. ज्या पोराची सावली गावाला चालत नव्हती, त्याच्या डफावर मुंबईचा कामगार खिळून बसू लागला. दलित कलावंताला रंगमंच केवळ भाकरी देत नाही, माणूस म्हणून उभे राहायला जागा देतो. म्हणून काम थांबले की दोन्ही एकदम जातात.

पहिला घाव सरकारने घातला. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तमाशावर बंदी आली, कलापथकावरही वरवंटा फिरला. अण्णाभाऊ खचले नाहीत. तमाशाचे लोकनाट्य केले आणि पुन्हा उभे राहिले. शत्रू समोर दिसत होता, लढता येत होते.

दुसरा रिकामा काळ आपल्याच माणसांकडून आला, म्हणून तो जिव्हारी लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या शाहिरीने मैदाने पेटवली. १ मे १९६० ला राज्य मिळाले, मैदाने ओस पडली, शाहिराचे बोलावणे थांबले. पुढे १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षही फुटला. अण्णाभाऊ लिहीत राहिले. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेल्या 'फकिरा'ला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. परतले ते घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच. लेखकाला कागद पुरतो हो, पण शाहिराला समोर माणसे लागतात. एकटेपण वाढले, दारू वाढली. त्या दारूची चर्चा आपले लोक आजही चवीने करतात. तिच्या आधी किती रिकाम्या संध्याकाळी गेल्या, हे कोण विचारतो?

वकील म्हणून एक गोष्ट मला खटकते. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात तरतूद आली, की मोठ्या गिरणीत वर्षभर राबलेल्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांचा निम्मा पगार मिळावा. त्या कामगाराला जागे करणाऱ्या शाहिराच्या बसलेल्या दिवसांना कायद्याने दिवसच मानले नाही.

१९६८ मध्ये सरकारने गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर दिले. १८ जुलै १९६९ रोजी तिथेच ते गेले. पन्नाशीही गाठली नाही. २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला.

मागच्या पावसाळ्यात एक भीमशाहीर घरभाड्याच्या नोटिशीचे उत्तर लिहून घ्यायला माझ्याकडे आला. एप्रिलमध्ये त्याला रोज दोन-दोन सुपाऱ्या होत्या, जूनपासून एकही नाही. नोटीस बाजूला ठेवून तो तासभर झोप येत नाही याविषयीच बोलला. पेटीकडे पाहवत नाही, म्हणाला.

जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, अण्णाभाऊंचा स्मृतिदिन जुलैत, म्हणजे नेमका सुपारी नसलेल्या दिवसांत येतो. त्या दिवशी वस्तीतल्या शाहिराचा कार्यक्रम ठेवा. तारीख एप्रिलमध्येच पक्की करा, मानधन आगाऊ द्या, आणि सभागृह मिळाले नाही तर बुद्धविहार आहेच.